उसासे सात

बेलापुरात मला दोन नावांनी ओळखतात. तोंडावर 'बेलापूरकर सर' आणि पाठीमागे 'मोडी'. दुसरं नाव मला जास्त आवडतं, पण तसं मी कुणाला कळू दिलेलं नाही. अडतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, त्यातलं पोरांच्या डोक्यात किती उरलं ते देव जाणे. पण मोडी कागद समोर आला की या सुमंत बेलापूरकराला आजही जेवणाची शुद्ध राहत नाही.

माझ्या नावावर शोध म्हणावा असा एकच आहे. वीस वर्षांपूर्वी कोल्हारकडच्या हौदवाडीत पाटलांच्या घरी एक कागद सापडला. अडीचशे वर्षांपूर्वीचा, कडा कसरीने खाल्लेल्या. तो मी वाचला आणि जाहीर केलं, की कालवे नव्हते, कारखाने नव्हते, तेव्हापासून हौदवाडीत ऊस होता. पेपरात माझा फोटो आला. शाल मिळाली, नारळ मिळाला. हौदवाडीकरांनी तर वेशीत सिमेंटची कमान उभी केली आणि तिच्यावर पत्र्याची मोठी पाटी लावली : 'आद्य ऊसग्राम हौदवाडी आपले स्वागत करीत आहे'. खाली लहान अक्षरांत 'संशोधक : श्री. सुमंत बेलापूरकर'. अक्षरं लहान होती खरी, पण मला एसटीतूनही दिसायची. त्या गावावरून जाताना मी नेहमी उजवीकडची खिडकी धरायचो.

तर त्या हौदवाडीची ज्ञानेश्वरी एका दुपारी माझ्या दारात उभी राहिली. सरपंच कानिफनाथची ही मुलगी. राहुरीच्या कृषी विद्यापीठात शेतीचं इंजिनिअरिंग शिकते आणि सुट्टीत माझ्याकडे मोडी शिकायला येते. हुशार आहे, आणि हुशार विद्यार्थ्यांत असतो तो दुर्गुण तिच्यातही आहे. ती विचारते.

"सर, तुम्हाला राग येणार असेल तर आधी सांगा. मी नंतर येते."

"राग कशाला येईल?" मी म्हणालो. राग तेव्हाच यायला लागला होता.

तिने मोबाईल पुढे केला. पडद्यावर माझा कागद होता. तिने बोट ठेवून वाचलं, "'हौदापासोन बारवेपावेतो...' इथपर्यंत बरोबर आहे. पुढे तुम्ही वाचलंय 'उसाचे सात', आणि 'वाफे' हा शब्द कंसात घातलाय. पण सर, हे 'उसाचे' आहे की 'उसासे'?"

"उसासे? उसासे टाकायला तो काय बायकांचा कागद आहे?"

"मग पुढची ओळ. 'दर दोहोंत काठ्या चाळीस.' तुम्ही अर्थ लावलाय, दोन वाफ्यांत उसाची चाळीस कांडकी. पण काठी हे जमीन मोजायचं माप होतं ना? तुम्हीच शिकवलंत. पाच हात पाच मुठी."

मी तिचा मोबाईल डोळ्यांजवळ धरला.

"आणि 'दरसाल दसरियास उघडोन साफ करणे'. ऊस कुणी उघडतं का, सर?"

"खोडव्याची साफसफाई असेल, तोडलेल्या उसाच्या बुडख्यांची," मी म्हणालो. वीस वर्षांपूर्वी हेच म्हणालो होतो आणि सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. आमच्या मुलुखात 'उस' एवढी दोन अक्षरं दिसली की पुढचं वाचायची गरज कुणाला वाटत नाही. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेगळं नसतं, शब्द तोडलेले नसतात. आजूबाजूला जिकडं नजर जाईल तिकडं ऊस. मग कागदातही ऊसच दिसणार.

"अजून दोन महिने शिक, मग गुरूच्या चुका काढ," असं म्हणून मी तिला चहाही न देता परत पाठवली. गेल्यावर बायको आतून म्हणाली, "पोरीनं बरोबर विचारलं वाटतं." चाळीस वर्षांच्या संसारात माझा राग कशाचा आहे हे तिला अचूक कळायला लागलंय.

मग मी भिंग काढलं. उन्हात खुर्ची घेऊन बसलो. त्याच कागदात 'सात' होतं, 'साफ' होतं, 'दरसाल' होतं. प्रत्येक 'स' पाहिला आणि मग ते अक्षर पाहिलं. तो 'स'च होता. धडधडीत 'स'.

इथे एक गोष्ट कबूल करतो, कारण ती कबूल केल्याशिवाय पुढचं सांगण्यात अर्थ नाही. वीस वर्षांपूर्वीही मला शंका आली होती. भिंग तेव्हाही हेच होतं. पण 'उसासे' वाचलं तर अर्थ लागत नव्हता, आणि 'उसाचे' वाचलं तर पेपरात फोटो येत होता.

दुसऱ्या दिवशी स्कूटर काढून हौदवाडीला गेलो. कमानीखालून जाताना वर पाहिलं नाही.

हौदवाडी म्हणजे नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. गावाच्या मध्यावर दगडी हौद आहे, चांगला पुरुषभर खोल. पण त्यात पाणी पाहिलेला माणूस हयात नाही, त्याच्या बापानेही पाहिलेलं नाही. आजूबाजूच्या गावांत कुणी पोकळ आश्वासन दिलं तर म्हणतात, 'हौदवाडीच्या हौदावर पाणी प्यायला ये.' उसाला कालव्याचं पाणी, आणि हौद मात्र कोरडा. त्यात कडबा ठेवतात, कोंबड्या अंडी घालतात.

ज्ञानेश्वरी मला पाहून हसली नाही, हे तिचं मोठेपण. "तुम्हाला एक दगड दाखवायचाय," एवढंच म्हणाली.

त्यांच्या मळ्यात, उसाच्या दोन सऱ्यांमध्ये, कमरेएवढा गोल दगडी खांब उभा होता. माथ्यावर मुठीएवढं भोक, त्यात कुणीतरी चिंधी कोंबलेली. शेजारी कानिफनाथची आत्या बनुबाई बसली होती. वय ऐंशीच्या पुढे. लहानपणी ही म्हणायची, दगड श्वास घेतो. बापाने मारलं, गावाने 'दगडी बनू' नाव ठेवलं. सासरी गेली, विधवा होऊन परत आली, तरी नाव काही सुटलं नाही. आता ती ठार बहिरी झाली आहे.

"मास्तर," ती मोठ्यांदा म्हणाली, "मला आता ऐकू येत न्हाई. तुमी कान लावा. घेतो का श्वास अजून?"

मी इकडंतिकडं पाहिलं. शिकलेला माणूस दगडाला कान लावताना दिसला तर उद्या कोल्हारच्या बाजारात गंमत होईल. मग चिंधी काढली आणि वाकलो.

आत गार होतं. कानाला हवा लागली. आणि खाली, फार खाली, कुणीतरी झोपेत लांब श्वास सोडावा तसा आवाज येत होता. थांबून परत येत होता. माझ्या अंगावर काटा आला. त्या वयात, भर दुपारी, उसाच्या फडात गुडघे टेकून मी कितीतरी वेळ तसाच राहिलो. एखादा शब्द ऐकू येतो हे मला माहीत नव्हतं. मी आजवर शब्द फक्त वाचत आलो होतो.

"उसासा," मी म्हणालो.

"उसासा," ज्ञानेश्वरी म्हणाली. "सर, जमिनीखालून खापराचे नळ गेलेत. नळात हवा कोंडली तर पाणी अडतं, नळ फुटतात. म्हणून मधे मधे हवेला वाट ठेवायची. नळांनी श्वास सोडायची जागा. असे सात असतील."

बनुबाई माझ्या तोंडाकडे बघत होती. मी मान हलवली. घेतो म्हणून. म्हातारीने तोंडाला पदर लावला.

पुढचे आठ दिवस मी बेलापुरात फक्त झोपायला जात होतो. ज्ञानेश्वरीचं गणित सरळ होतं. हौदापासून तिच्या दगडापर्यंत टेप धरली तर तीनशे पंचेचाळीस मीटर भरले. "चाळीस काठ्या म्हणजे साधारण एकशे पंधरा मीटर. तीनशे पंचेचाळीस म्हणजे त्याच्या तिप्पट. म्हणजे आपला दगड तिसरा." मग टेप घेऊन आम्ही वर माळाच्या दिशेने चढू लागलो. एकशे पंधरा मीटरवर चौथा सापडला, बांधावरच्या बोरीच्या जाळीत. पाचवा पुंजारामच्या विहिरीवर धुण्याचा दगड होऊन बसला होता. त्याच्या भोकात पुंजारामची बायको साबण ठेवायची. सहाव्याला शेंदूर लागलेला होता, तो म्हसोबा झाला होता. त्याला आम्ही नारळ फोडला आणि माफी मागून भोक मोकळं केलं. सातवा मातीत गाडलेला, पहारीला ठणकन लागला तेव्हा कळला.

प्रत्येक दगड टेपच्या टोकाला बरोबर उभा. कागद लिहिणारा तो कारकून अडीचशे वर्षांमागून आमचं बोट धरून चालवत होता आणि एकदाही चुकत नव्हता. मी सोडून या प्रकरणात कुणीच चुकलेलं नव्हतं.

सातव्याच्या पुढे काय, तर कानिफनाथच्या चुलत्याची चिबड. म्हणजे पाणथळ जमीन, बारा महिने ओली, ट्रॅक्टर घातला की रुतलाच. इथे ओल कुठून येते हे कुणाला ठाऊक नव्हतं.

"कुठंतरी पानी मुरतंय, आसं आमी नुसतं म्हनत हुतो," कानिफनाथ डोकं खाजवत म्हणाला. "हितं खरंच मुरतंय की!"

जेसीबी लावून तीन दिवस खोदलं. चौथ्या दिवशी चुन्यात बांधलेल्या पायऱ्या लागल्या. कागदातली बारव! पायऱ्यांची विहीर, गाळाने काठोकाठ भरलेली, आणि गाळाखाली पाणी. गाळ काढला तसं पाणी निवळलं. एका कोपऱ्यात मुळ्यांनी गच्च बुजलेलं खापराचं तोंड होतं. मुळ्या कापून काढल्या, पण पाणी लगेच सोडलं नाही. ज्ञानेश्वरीने तोंडाशी लाकडाची खुंटी ठोकली.

"आधी वाट मोकळी आहे का बघू. नाहीतर कुणाच्या तरी घरात फुटेल."

त्यासाठी तिने केलेली युक्ती मला जन्मात सुचली नसती. सातव्या उसाशाच्या तोंडाशी ओल्या गोवऱ्या आणि कडुलिंबाचा पाला पेटवला आणि फवारणीच्या ब्लोअरने धूर आत ढकलायला सुरुवात केली. गावातली माणसं एकेका दगडाशी उभी केली. थोड्या वेळाने फोन वाजायला लागले. "म्हसोबातून निघाला!" "साबणाच्या दगडातून निघाला!" पुंजारामची बायको पळतच बाहेर आली. बोरीतला चौथा धुपला, मळ्यातला तिसरा धुपला. बनुबाई त्या धुराकडे हात जोडून बसली. दुसरा आम्हाला मागाहून शाळेच्या कुंपणाला लागून सापडला होता, तिथेही पांढरी रेघ वर आली.

हौदात मात्र काही आलं नाही. मी हौदात उतरून त्या कोरड्या तोटीला नाक लावून बसलो होतो. कोंबड्यांखेरीज कशाचाच वास आला नाही.

"दुसऱ्यापर्यंत येतो, हौदात येत नाही. म्हणजे अडथळा पहिल्याशी," ज्ञानेश्वरी म्हणाली. "पहिलाच अजून सापडलेला नाही."

तिने हौदापासून टेप धरली. दुसरं टोक माझ्या हातात दिलं. मी चालत निघालो. शंभर मीटर, एकशे दहा, आणि एकशे पंधराला माझा हात सिमेंटला टेकला.

कमानीचा उजवा खांब होता तो.

वीस वर्षांपूर्वी कानिफनाथ नुकताच सरपंच झाला होता, कमान त्यानेच बांधून घेतलेली. तो हळूच म्हणाला, "खोदताना आयता गोल दगुड लागला हुता. मिस्त्री म्हनला, तयार पाया हाय, वतू यावरच काँक्रीट. भोकात बी वतलं."

म्हणजे असं होतं. हौदवाडीचा पहिला उसासा माझ्याच कमानीने बुजवला होता. माझ्या नावाच्या बरोब्बर खाली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी देवळापुढे ग्रामसभा भरली. कमान पाडायची की नाही एवढाच विषय. आणि हौदवाडीकरांचा जीव त्या कमानीत होता. पाव्हणेरावळे तिच्यापुढे फोटो काढत, मुलांच्या सहलीच्या बस थांबत. एक जण उठून म्हणाला, "हौदाचं काय खरं न्हाई. पानी न्हाई आलं तर कमान बी गेली आन् ऊसग्राम बी गेलं. लोकं हासतील." चार जणांनी त्याला दुजोरा दिला.

कानिफनाथ माझ्याकडे वळला. "सर, ती कमान तुमच्या शब्दावर उभी हाय. पाडायची तर तुमचाच शब्द पायजे. कागदात खरं काय लिवलंय?"

पूर्ण गावात मोडी वाचणारे आम्ही दोघंच. ज्ञानेश्वरी खाली मान घालून बसली होती. तिने तोंडातून अक्षर काढलं नव्हतं, आणि काढणारही नव्हती, हे मला कळत होतं. नुसतं 'कागद अस्पष्ट आहे' म्हटलं असतं तरी भागलं असतं. कमान राहिली असती, माझं नाव राहिलं असतं, आणि उसात तो दगड श्वास घेत राहिला असता. वीस वर्षं जपलेली गोष्ट होती.

मी उभा राहिलो आणि कागद वाचला. "हौदापासोन बारवेपावेतो उसासे सात. दर दोहोंत काठ्या चाळीस. दरसाल दसरियास उघडोन साफ करणे." मग म्हणालो, "यात ऊस नाही. कधीच नव्हता. मी चुकीचं वाचलं. आणि शंका आली होती तरी तसंच छापलं. कमान पाडा."

बहिऱ्या बनुबाईने ज्ञानेश्वरीला कोपराने ढोसलं. "काय म्हनला गं मास्तर?"

"चुकलो म्हणाले!" ज्ञानेश्वरी तिच्या कानाशी ओरडली. ते अख्ख्या गावाला ऐकू गेलं.

बनुबाईने माझ्याकडे पाहिलं. "मंग त्यात काय? पाटी हाय ती, मास्तर. पाटी पुसायचीच आसती."

आधी पोरं हसली, मग सगळी सभा हसली, आणि मीही हसलो. डोळे ओले झाले ते चष्मा पुसायच्या निमित्ताने निभावलं.

दसऱ्याला सकाळी कमान पडली. खांबाखालचा दगड छिन्नीने मोकळा करायला दुपार झाली. आतलं काँक्रीट काढून फुटलेल्या दोन खापरांच्या जागी ज्ञानेश्वरीने नवे नळ बसवले, सांधे भरले. चार वाजता कानिफनाथने बारवेतली खुंटी उपटली.

मग पुन्हा फोन. "सातव्यात खळखळलं." बराच वेळ काही नाही. "म्हसोबा बोलला." "साबनाचा दगुड बोलला." चौथ्यानंतर एवढा वेळ गेला, की लोक एकमेकांकडे बघायला लागले. कुणीतरी हळूच म्हणालं, मुरलं. तिसऱ्यापाशी बनुबाई होती. तिला ऐकू येणार नव्हतं म्हणून तिने दोन्ही तळवे दगडावर ठेवले होते. इकडे हौदाशी ज्ञानेश्वरीने तिथल्या पोराचा फोन चालूच ठेवला होता, आणि त्यातून म्हातारीचा आवाज आला, "हालतंय! आगं, हालतंय ह्ये!"

दुसरा बोलला. पहिला, माझा, बोलला. मी हौदाच्या काठावर होतो.

तोटीतून आधी फक्त हवा आली. एवढा लांब उसासा मी कुणाचा ऐकलेला नाही. मग धूळ, मग वाळलेली पानं. मग एक बेडूक टुणकन बाहेर पडला आणि गाव बघून थबकला. त्याच्या मागून चहाच्या रंगाची धार लागली. बारीक, तुटक, मग मनगटाएवढी. कोंबड्या कलकलाट करत उडाल्या. माणसं ओरडत होती, एकमेकांना सोनं द्यायचं सोडून पाणी उडवत होती. ज्ञानेश्वरी हौदात उतरून नुसती उभी होती, धारेत हात धरून. शिकवलेलं खरं होतं का हे तपासत असावी.

बनुबाईला मळ्यातून मोटारसायकलवर बसवून आणलं. ती हौदाच्या पायऱ्या उतरली, ओंजळ भरली, बघितली. म्हणाली, "बापाला दाखवायला पायजे हुतं." आणि ते पाणी तिने डोळ्यांना लावलं.

आता या गोष्टीला दोन दसरे झाले. हौदाला पाणी आहे. कमान पुन्हा उभी राहिली नाही. पत्र्याची ती पाटी टाकून द्यायला कुणाचं मन होईना, म्हणून पहिल्या उसाशात कचरा जाऊ नये यासाठी तीच कापून त्याचं झाकण केलं. गावाचं नाव कापण्यात गेलं. उरला तो तुकडा 'संशोधक' लिहिलेला. दरसाल दसऱ्याला मी हौदवाडीला जातो, माझं नाव उचलून बाजूला ठेवतो, आणि आतला गाळ काढतो.